सीपॅपचा पाईप झोपेत कसा सांभाळायचा: नव्याने मशीन लावणाऱ्यांसाठी

सीपॅप, म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास अडकणाऱ्यांना मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, घरी आलं की सगळं लक्ष मास्कवर जातं, साईज बरोबर आहे का, पट्टे किती आवळायचे, नाकावर वळ उठतोय का, आणि पाईपकडे कोणी बघतच नाही. तो मशीनमधून निघतो, मास्कला जोडला जातो, झालं. मग रात्री कधीतरी जाग येते, मास्क गालाकडे सरकलेला असतो, डोळ्यात वारा घुसत असतो, आणि अर्धवट झोपेत आपण पट्टे अजून आवळतो. सकाळी नाकाच्या हाडावर लाल वळ. पण बऱ्याचदा मास्कचा काहीच दोष नसतो, त्याला पाईप ओढत असतो. तुम्ही कूस बदललीत, पाईप उशीखाली अडकला किंवा पलंगाच्या कडेने खाली लोंबत राहिला, त्याचा सगळा भार मास्कच्या एका बाजूवर आला आणि दुसऱ्या बाजूने मास्क चेहऱ्यापासून सुटला, हवा तिथूनच निसटते.

म्हणून एक गोष्ट धरून चाला: पाईपचा भार मास्कवर पडता कामा नये, तो दुसऱ्या कशावर तरी पडला पाहिजे. पुढे जे काही सांगतोय ते सगळं त्यासाठीच आहे.

सीपॅपचं काम म्हणजे ठरलेल्या दाबाने हवा सोडून घसा आतून उघडा ठेवणं. हा दाब पाण्याच्या सेंटीमीटरमध्ये मोजतात, बहुतेक मशीन ४ ते २० च्या मध्ये चालतात, आणि तुमचा आकडा डॉक्टरांनी ठरवलेला असतो. मास्कमधून हवा निसटायला लागली की मशीन जास्त हवा फेकून ते भरून काढायचा प्रयत्न करतं पण त्याला मर्यादा आहे, त्यापुढे दाब टिकत नाही, घसा परत मिटायला लागतो आणि रात्रभर मशीन लावूनसुद्धा सकाळी डोकं जडच राहतं. लोक ह्याच टप्प्यावर कंटाळून मशीन कपाटात ठेवून देतात, आणि मला मनापासून वाटतं की त्यातल्या कितीतरी जणांचा प्रश्न पाईप नीट लावून सुटला असता.

आधी तुमच्याकडे कुठला पाईप आहे ते बघा

साधा पाईप साधारण ६ फूट म्हणजे १.८ मीटर लांब असतो, त्याच्या दोन्ही टोकांना २२ मिमीचे रबरी कफ असतात आणि हे माप सगळीकडे सारखंच, त्यामुळे एका कंपनीचा साधा पाईप दुसऱ्याच्या मास्कला बसतो. दुसरा प्रकार बारीक पाईप, तो आतून १५ मिमीचा असतो, हलका, जास्त वाकतो, आणि ज्यांना झोपेत खूप हलायची सवय आहे त्यांना बराच आराम देतो. तिसरा गरम होणारा पाईप, त्याच्या भिंतीत बारीक तारा असतात आणि मशीनकडच्या टोकाला वीजेचा जोड असतो. हा मात्र ज्या त्या मशीनचाच लागतो, कुठलाही कुठे चालत नाही.

बारीक पाईप घेणार असाल तर एक काम विसरू नका. पाईप बारीक झाला की हवेला अडथळा वाढतो, त्यामुळे मशीनमध्ये ट्यूबचं सेटिंग असतं ते बदलावं लागतं, म्हणजे मशीन तेवढा हिशोब करून मास्कपर्यंत बरोबर दाब पोचवतं. काही मशीनमध्ये हे सेटिंग आपल्याला दिसतं, काहींमध्ये ते क्लिनिकच्या मेनूत असतं, तसं असेल तर ज्यांनी मशीन दिलं त्यांच्याकडून करून घ्या. लांब पाईपचंही तेच. ६ फूट पुरत नाही म्हणून दोन पाईप जोडून १२ फूट करायचा विचार अनेकांच्या डोक्यात येतो, ते करू नका, दाबही घटतो आणि तेवढा पाईप अंथरुणात पसरला की गुंताच होतो. मशीन जवळ आणा.

मशीनची जागा

मशीन उशाच्या बाजूला पण गादीच्या पातळीपेक्षा थोडं खाली ठेवा. त्यामागे साधं कारण आहे, ह्युमिडिफायरच्या (हवा ओलसर करणाऱ्या भागाच्या) टाकीतलं किंवा पाईपमध्ये जमलेलं पाणी उताराने मशीनकडे जावं, तुमच्या नाकाकडे नको. पण अगदी जमिनीवरही नको, तिथली धूळ फिल्टर ओढून घेतो. बुटकं स्टूल किंवा साईड टेबलचा खालचा कप्पा चांगला. खाली घसरू नये म्हणून रबरी मॅट टाका, कारण झोपेत जोरात कूस बदलली की पाईपच्या हिसक्याने हलकं मशीन खरंच टेबलावरून खाली येतं, आणि टाकी भरलेली असेल तर पाणी मशीनच्या आत जायची भीती. मागे फिल्टरची जाळी असते, तिच्यावर पडदा, चादर, उशी काही येऊ देऊ नका.

आता मुख्य काम, पाईप डोक्यावरून आणा

नवीन माणूस पाईप मशीनमधून सरळ गादीवरून छातीजवळ आणतो आणि तिथून मास्कला जोडतो. तुम्ही मशीनच्या बाजूला तोंड करून झोपलात तर ठीक, पण पाठ फिरवली की पाईप मानेवरून, खांद्यावरून ताणला जातो. दोन्ही कुशींना चालेल असा रस्ता एकच, डोक्याच्या मागून वर आणि वरून खाली मास्कला.

त्यासाठी उशीच्या वर, डोक्याच्या थोडं मागे एक आधाराची जागा लागते. ह्याला तीन-चार उपाय आहेत. होज लिफ्ट म्हणून स्टँड मिळतो, त्याची चपटी पट्टी गादीखाली सरकवायची, वर लवचिक दांडा असतो आणि त्याला पाईप अडकवायचा आकडा, तुम्ही वळलात की दांडा थोडा झुकतो आणि परत जागेवर येतो. माझ्या मते खूप कूस बदलणाऱ्यांना ह्याच्याएवढं सोयीचं दुसरं काही नाही. ते नको असेल तर हेडबोर्डच्या मागच्या भिंतीवर चिकटणारा हुक लावा आणि त्यात वेल्क्रोच्या पट्टीची सैल कडी करून पाईप तिच्यातून ओवा. पाईप कडीत सरकला पाहिजे, करकचून बांधायचा नाही. काहीच करायचं नसेल तर निदान हेडबोर्डच्या वरून पाईप घ्या, म्हणजे जास्तीचा भाग मागे राहतो.

हेडबोर्ड लाकडी असेल तर एक त्रास होतो तो आधीच सांगून ठेवतो. पाईपच्या अंगावर वळ्या असतात, त्या लाकडाच्या कडेवर घासल्या की खर्रर आवाज होतो, आणि तो खोलीत फारसा ऐकू येत नाही पण पाईपमधून थेट मास्कमध्ये येतो, कानाजवळ कोणी कंगवा ओढल्यासारखा. पाईपला कापडी कव्हर घातलं की हा आवाज बंद होतो. कव्हर चेन किंवा वेल्क्रोचं असतं, धुता येतं, आणि गार पाईप गालाला किंवा हाताला लागून जाग येते तेही थांबतं.

हुक किंवा दांडा किती उंच? साधारण हात वर केला की पाईप हाताला लागेल एवढा, उशीपासून दीड-दोन फूट. फार उंच केला तर पाईप वरून मास्क उचलायला लागतो, म्हणजे भार कमी करायच्या नादात उलटा ताण येतो. फार खाली केला तर चेहऱ्यावर लोंबतो.

ढील किती ठेवायची

इथे जरा वेळ द्या कारण रात्रीचा सगळा खेळ ह्या ढिलीवरच आहे. दिवसा, नीट जागे असताना, मास्क लावा, मशीन चालू करा आणि आडवे व्हा. बसून ॲडजस्ट करू नका, झोपल्यावर गालाचा आकार बदलतो आणि मास्क वेगळा बसतो. आता पूर्ण डावीकडे वळा, अगदी रात्री वळता तसं, उशीत तोंड खुपसत असाल तर तसंही. मग उजवीकडे. मग उताणे. प्रत्येक वेळी एक बोट मास्क आणि पाईपच्या जोडावर ठेवा, ताण आला की बोटाला लगेच कळतो. जिथे ताण येतो तिथे हुकापासून मास्कपर्यंतचा पाईप दोन-चार बोटं वाढवा आणि परत वळून बघा. दोन्ही कुशींवर ताण गेला की थांबा, त्याहून जास्त ढील नको.

उरलेला पाईप हुक आणि मशीनच्या मध्ये, पलंगाच्या मागच्या बाजूला राहू द्या. हे महत्त्वाचं आहे, जास्तीचा पाईप कधीही डोक्याच्या किंवा मानेच्या आसपास गादीवर पडलेला नको. मशीनच्या माहितीपुस्तकात ही सूचना असते की लांब पाईप उशाशी सोडू नका, तो झोपेत डोक्याला किंवा मानेला गुंडाळला जाऊ शकतो, आणि ही सूचना नुसती छापायची म्हणून छापलेली नाही. त्याच कारणाने पाईप पलंगाला पक्का बांधू नका. जोरात हिसका बसला तर वेल्क्रो सुटली पाहिजे. लहान मूल शेजारी झोपत असेल तर पाईप मुलाच्या उलट्या बाजूने घ्या, आणि घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर मशीनजवळचा पाईप अधूनमधून तपासत जा, दातांनी पडलेलं बारीक भोक डोळ्याला दिसत नाही पण तिथून हवा जाते.

पीळही बघा. पाईप जोडताना नकळत एक-दोन पीळ पडतात आणि मग तो रात्रभर मास्कला एका बाजूला वळवत राहतो. मास्कला जोडायच्या आधी पाईपचं मोकळं टोक हातात सैल धरून लोंबू द्या, तो आपोआप सुटतो, मग जोडा. मास्कजवळचा कोपरा, ज्याला एल्बो म्हणतात, तो बऱ्याच मास्कमध्ये गोल फिरतो. फिरत नसेल, अडखळत असेल तर त्यात साबणाचा किंवा क्षाराचा थर बसलेला असतो, कोमट पाण्यात भिजवून धुवा.

मास्क कुठला आहे त्याप्रमाणे थोडा फरक

काही मास्कमध्ये पाईप नाकासमोर जोडतात, काहींमध्ये डोक्यावर मधोमध. डोक्यावर जोडणारे मास्क, उदाहरणार्थ फिलिप्सचा ड्रीमवेअर किंवा रेसमेडचा एअरफिट एन३०आय, कूस बदलणाऱ्यांना सोपे जातात कारण पाईप आधीच वर असतो, फक्त मागे एक हुक पुरतो. पण ह्यात हवा गालांवरून जाणाऱ्या दोन मऊ नळ्यांमधून येते, कुशीवर झोपलं की खालची नळी दबते, वरची चालू राहते, त्यामुळे एका कुशीवर थोडी हवा कमी वाटली तर घाबरू नका, पण दोन्ही दबत असतील तर उशी बदलून बघा. कडेला खाच असलेली सीपॅपची उशी मिळते, तिचा उपयोग होतो.

नाकासमोर पाईप जोडणारा मास्क असेल तर पाईप कपाळावरून वर न्या, छातीवरून खाली सोडू नका. पोटावर झोपणाऱ्यांना ह्या प्रकाराचा त्रास जास्त होतो, त्यांनी पहिल्यापासूनच डोक्यावर जोडणारा मास्क मागावा असं मी सांगेन.

आणि कुठलाही मास्क असू दे, त्याच्यावर बारीक छिद्रांची जागा असते, श्वासातला कार्बन डायऑक्साइड तिथून बाहेर जातो. तिथून हवा येते ती गळती नाही, ती हवीच. पाईपचं कव्हर, पांघरूण, वेल्क्रो काहीही त्या छिद्रांवर येऊ देऊ नका. तोंड-नाक दोन्ही झाकणाऱ्या मास्कच्या एल्बोमध्ये एक झडपही असते, मशीन बंद पडलं तर तिथून बाहेरची हवा मिळते, तिला टेप लावायची नाही. वीज गेली आणि मशीन थांबलं तर मास्क सरळ काढून टाका.

पाईपात पाणी साठतं तेव्हा

गुडगुड आवाज यायला लागतो, किंवा नाकावर अचानक गार थेंब पडतो आणि दचकून जाग येते. ह्याला रेनआऊट म्हणतात. ह्युमिडिफायर हवा गरम आणि ओलसर करतो, ती हवा गार खोलीतल्या गार पाईपमधून येताना थंड होते आणि पाणी पाईपच्या आत जमतं. मशीन बिघडलेलं नसतं. थंडीत आणि एसीखाली हे जास्त होतं.

आधी ह्युमिडिटी एक आकडा कमी करा, दोन-तीन रात्री बघा, मग अजून एक. एकदम शून्यावर आणू नका, नाक आणि घसा कोरडा पडला की मशीन नकोसं होतं. त्यासोबत पाईपला कव्हर घाला, एसीचा झोत पाईपवर येत असेल तर दिशा बदला. साधा पाईप असेल तर त्याचा थोडा भाग पांघरुणाखालून घेतला तरी फरक पडतो, फक्त तो डोक्याकडून वर जाणारा रस्ता मोडू नका. एवढं करूनही थेंब येत असतील तर गरम पाईप घ्या, थंडी असलेल्या ठिकाणी तो पैसे वसूल करतो. रेसमेडच्या गरम पाईपमध्ये तापमान १६ ते ३० डिग्रीपर्यंत ठेवता येतं, ऑटोवर ठेवलं तर मशीन स्वतःच सांभाळतं. गरम पाईपवर मात्र जाड पांघरूण टाकू नका, त्याची स्वतःची ऊब पुरेशी असते.

रात्री पाणी साठलंच तर मशीन थांबवा, पाईप दोन्हीकडून काढा, झटकून पाणी बेसिनमध्ये सोडा, परत लावा. पाईप वर धरून पाणी मशीनमध्ये ढकलायच्या भानगडीत पडू नका.

मध्येच उठायचं असेल तर

बाथरूमला जायला मास्क काढायची गरज नसते. बहुतेक मास्कमध्ये एल्बोजवळ पटकन सुटणारा जोड असतो, दोन्ही बाजूंची टोकं दाबली की पाईप सुटतो, मास्क चेहऱ्यावरच राहतो. हे अंधारात जमलं पाहिजे म्हणून दिवसा डोळे मिटून चार-पाच वेळा करून बघा. सुटलेला पाईप हुकावरच लटकू द्या, जमिनीवर टाकला तर येताना पायात येतो. परत आल्यावर टिक असा आवाज येईपर्यंत जोडा, अर्धवट बसलेला जोड हे रात्रीच्या शिट्टीसारख्या आवाजाचं नेहमीचं कारण आहे.

सकाळी मशीनचा आकडा बघा

नुसतं बरं वाटलं का ह्यावर जाऊ नका, मशीनच्या स्क्रीनवर किंवा ॲपवर गळतीचा आकडा असतो. रेसमेडच्या मशीनवर २४ लिटर प्रति मिनिटच्या वरची गळती जास्त धरतात, आणि हा आकडा मास्कच्या छिद्रांतून ठरवून जाणारी हवा वगळून असतो. दुसऱ्या कंपनीच्या मशीनमध्ये मोजायची पद्धत वेगळी असू शकते, त्यामुळे मित्राच्या आकड्याशी तुलना करून काही हाती लागणार नाही, स्वतःच्याच आधीच्या रात्रींशी करा. पाईपमध्ये एक बदल केला की दोन-तीन रात्री तसाच ठेवा, मगच दुसरा बदल. हुक, उशी, मास्कचे पट्टे सगळं एकाच दिवशी बदललं तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

धुणं आणि बदलणं

आठवड्यातून एकदा पाईप काढून कोमट पाण्यात साधा सौम्य साबण घालून धुवा. एका टोकातून पाणी आत घ्या, दोन्ही टोकं हाताने बंद करून पाणी पुढेमागे हलवा, ओता, मग साबण पूर्ण जाईपर्यंत साध्या पाण्याने दोनदा-तीनदा. वाळवताना मधोमध कुठेतरी अडकवून दोन्ही टोकं खाली सोडा, सावलीत, उन्हात प्लास्टिक कडक होतं. संध्याकाळी वाळवायला घेतला तर झोपेपर्यंत वळ्यांमध्ये पाणी राहतं, म्हणून सकाळी धुवा. गरम पाईपचा वीजेचा जोड पूर्ण कोरडा झाल्याशिवाय मशीनला लावू नका.

ब्लीच, स्पिरिट, सुगंधी तेल काहीही वापरायचं नाही, त्याचा वास पाईपमध्ये बसतो आणि तो तुम्ही रात्रभर छातीत घेता. ओझोन सोडणारी सफाईची मशीन मिळतात, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२० मध्ये त्यांच्याबद्दल लोकांना सावध केलं होतं आणि सीपॅपच्या सफाईसाठी अशा कुठल्याही मशीनला कायदेशीर मंजुरी दिलेली नाही असं सांगितलं होतं. पाणी आणि साबण पुरतं.

महिन्यातून एकदा पाईप उजेडासमोर ताणून बघा, वळ्यांमध्ये भेग दिसते का, आत काळसर डाग आहे का, कफ सैल झालाय का. शंका असेल तर साध्या पाईपचं एक टोक हाताने बंद करा, पाईप पाण्यात बुडवा आणि दुसऱ्या टोकातून फुंका, बुडबुडे आले तर भोक आहे. गरम पाईपला ही परीक्षा करू नका, त्याला मशीनला लावून हात फिरवत हवा लागते का ते बघा. भोक पडलेल्या पाईपला टेप लावून रात्र काढता येईल पण दुसऱ्या दिवशी नवीन आणा. भोक नसलं तरी वापरात पाईप कडक होत जातो, आणि कडक पाईप वळताना मास्कला जास्त ढकलतो, त्यामुळे तीन ते सहा महिन्यांनी बदलायचा हिशोब ठेवा आणि एक जादा पाईप घरात आणून ठेवा.

हे सगळं करूनही आठवडा-दोन आठवडे गळती खाली येत नसेल, किंवा गळती कमी असून दिवसा झोप येत असेल, तर तो प्रश्न पाईपचा नाही. मग मास्कचा साईज आणि दाबाचं सेटिंग दोन्ही डॉक्टरांकडून तपासून घ्या, आणि जाताना मशीनमधलं कार्ड किंवा ॲपचा रिपोर्ट सोबत न्या.